शेंडा कोण थांबवतो?

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना-सव्वा महिना झाला की ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत शिरा. मांडवाखाली बायांची रांग दिसेल. डाव्या हातानं काडी धरायची, पानं मोजत वर जायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीत शेंडा घेऊन मोडायचा. तो इतका कोवळा असतो की कात्री लागत नाही. नखाखाली पाणी येतं आणि शेंडा हातात राहतो. त्याच फेरीत बगलफुटीही निघतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे बघवत नाही. एवढं खतपाणी घालून वाढवलेली वेल, आणि तिचे जोमदार शेंडेच मोडायचे? बागायतदाराचं उत्तर ठरलेलं असतं: काडी पळत राहिली तर घडाला काही उरत नाही.

ओझरला 1925 साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षं लावली, तिथून या पट्ट्याच्या द्राक्षशेतीची सुरुवात मानतात. शंभर वर्षांत इथल्या शेतकऱ्यानं एक गोष्ट अनुभवानं पक्की केली आहे. वेल वाढवणं त्या मानानं सोपं, तिला वेळेवर थांबवणं अवघड. जीए हे संजीवक वापरून घड लांबवता येतो, मणी फुगवता येतो. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटीचा जोर आवरायला लिहोसिन हे वाढरोधक लागतं, आणि ते कितव्या पानाला आणि किती मारायचं यावर पुढच्या हंगामातली घडनिर्मिती बरीचशी ठरते.

हे प्रकरण रक्तवाहिन्यांचं आहे. बागेतून सुरुवात केली, कारण शरीरातल्या रक्तवाहिन्याही फुटतात, शेंड्यानं पुढे सरकतात, आणि त्यांचाही शेंडा कुणीतरी खुडावा लागतो. ते काम करणाऱ्यांमध्ये आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतली निरोप्या प्रोटीनं मोठी वाटेकरी आहेत. पांढऱ्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्या निरोपांनाच आपण इंटरफेरॉन, इंटरल्युकिन, केमोकाइन अशा नावांनी ओळखतो. ‘इम्युनिटी’ म्हटलं की जंतूंशी लढाई एवढंच आपल्याला आठवतं. पण किल्ला लढवताना रसद तोडणं हेही युद्धच असतं. नाशिकजवळच्या रामशेजला 1682 पासून काही वर्षं मोगली फौजेचा वेढा पडला होता, आणि अशा वेढ्यात रसदीची वाट कुणाच्या हाती आहे याला तोफांइतकीच किंमत असते.

आधी रसदीचा हिशेब समजून घेऊ. प्राणवायू रक्तातून झिरपत साधारण 100 ते 200 मायक्रॉन अंतरापर्यंतच पोचतो. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन, म्हणजे हे अंतर टाचणीच्या डोक्याहूनही कितीतरी कमी झालं. त्यामुळे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीला एवढ्या अंतरात एखादी केशवाहिनी लागते. पेशींचा घोळका वाढला आणि वाहिनी दूर राहिली की आतल्या पेशी गुदमरतात. गुदमरलेली पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन बाहेर सोडते. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरातली एखादी पेशी तो निरोप आधी पकडते आणि शेंड्याची पेशी बनते. तिला बारीक बोटांसारखे धागे फुटतात आणि ती निरोपाच्या दिशेनं चाचपडत निघते. मागच्या पेशी तिच्यामागे रांगेत सरकतात, वाढतात आणि नळी तयार करतात. इथलं वेलीशी असलेलं साम्य मला फार आवडतं. शेंड्याची पेशी शेजारणींना ‘तुम्ही शेंडा व्हायचं नाही’ असा निरोप देते, जसा जोमदार शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फरकही लक्षात ठेवायला हवा. वेलीचा शेंडा उजेडाकडे धावतो, रक्तवाहिनीचा शेंडा गुदमरलेल्या पेशीकडे.

मोठ्या माणसाच्या शरीरात हे फुटणं बहुतेक वेळ बंद असतं. जखम भरताना, दर महिन्याला गर्भाशयाच्या अस्तरात आणि गरोदरपणात ते सुरू होतं आणि काम संपलं की थांबतं. बाकी वर्षानुवर्षं अस्तराच्या पेशी शांत बसलेल्या असतात. ही शांतता आपोआप टिकत नाही. ती टिकवावी लागते, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत 1960 च्या सुमारास ज्यूडा फोकमन हा तरुण सर्जन फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्याबरोबर शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथींवर काम करत होता. त्यांत सोडलेल्या कर्करोगाच्या पेशी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि तिथेच अडल्या. त्याच पेशी जिवंत उंदरात घातल्या की गाठ भराभर मोठी व्हायची. फरक एकच होता: उंदरात गाठीपर्यंत नव्या वाहिन्या पोचत होत्या, बरणीतल्या ग्रंथीत नव्हत्या. फोकमननं 1971 मध्ये लिहिलं की गाठ वाढण्यासाठी रक्तवाहिन्या बोलावून घेते, तेव्हा त्या वाहिन्याच अडवा. त्या काळी बहुतेकांना ही कल्पना पटली नाही. गाठीभोवतीची लाली म्हणजे नुसती सूज, असा समज होता. फोकमन हटला नाही. 2008 मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा वाहिन्या अडवणारी औषधं दवाखान्यांत वापरली जात होती.

थांबवणारे निरोप सापडले ते मात्र कोंबडीच्या अंड्यात. फलित अंडं उबवायला ठेवलं की काही दिवसांत कवचाच्या आतून एक पातळ पडदा पसरतो आणि त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं उमटतं. कवचाला छोटी खिडकी पाडून उजेडात बघितलं तर आधी एक लाल ठिपका धडधडताना दिसतो. ते पिल्लाचं हृदय. त्याच्याभोवती झाडाच्या फांद्यांसारख्या शाखा, शाखांना उपशाखा. या पडद्यावर परीक्षा घ्यायच्या प्रोटीनची बारीक चकती ठेवायची आणि एक-दोन दिवस थांबायचं. प्रोटीन वाढवणारं असेल तर चकतीकडे वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या धावून येतात. थांबवणारं असेल तर चकतीभोवती मोकळी, फिकट जागा राहते, नांगरट करून तण काढलेल्या वाफ्यासारखी. फोकमनच्या प्रयोगशाळेनं 1982 मध्ये दाखवलं की प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या एका प्रोटीनची, प्लेटलेट फॅक्टर 4 ची, गत अशीच आहे. रक्त गोठवायला धावणाऱ्या प्लेटलेटच्याच पोतडीत वाहिन्या थांबवणारा निरोपही असतो.

कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा महाराष्ट्रातही जुनी आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी काचेत वाढवलेल्या कोंबडीच्या गर्भावर दीर्घकाळ काम केलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्याआधी कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी बाटलीत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पेशी शरीराबाहेर जगवता येणं हा या साऱ्या विद्येचा पाया आहे, म्हणून या दोघींची नावं इथे घेतलीच पाहिजेत.

अंड्याचा हा पडदा आणखी एका शोधाचा साक्षीदार आहे. लंडनमध्ये 1957 साली अॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी याच पडद्याचे तुकडे घेऊन त्यांवर उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला. त्या तुकड्यांतून असं काहीतरी बाहेर पडलं की नंतर आलेल्या ताज्या विषाणूला पडद्यात रुजताच येईना. त्याला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन. त्या वेळी रक्तवाहिन्यांचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. 1980 मध्ये ब्रूटी-बॉये आणि ब्रूस झेटर यांना दिसलं की इंटरफेरॉन घातलं की केशवाहिन्यांच्या पेशींची हालचाल मंदावते. पेशी मरत नव्हत्या, चालायच्या थांबत होत्या. शेंडा मोडला जात नव्हता, गोठत होता. पुढे ह्यूस्टनमध्ये आयझाया फिडलर यांच्या गटानं आणखी एक वाट दाखवली: इंटरफेरॉनमुळे गाठीच्या पेशी वाहिन्यांना वाढवणारं एफजीएफ हे प्रोटीन कमी बनवू लागतात. म्हणजे धावणाऱ्यालाही अडवायचं आणि हाक मारणाऱ्याचं तोंडही बंद करायचं.

या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग झाला तो तान्ह्या बाळांवर. जन्मानंतर काही दिवसांत बाळाच्या गालावर, कपाळावर किंवा पाठीवर लाल ठिपका उमटतो आणि काही आठवड्यांत फुगून स्ट्रॉबेरीसारखा दिसू लागतो. डॉक्टर त्याला हिमॅन्जिओमा म्हणतात. ती रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ असते, कर्करोग नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते, मुलींना आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना जास्त. बहुतेक गाठी पुढे काही वर्षांत आपोआप विरतात. पण काही डोळा झाकतात, काही श्वासनलिकेवर वाढतात, काही यकृतात बसून हृदयावर ताण आणतात. 1992 मध्ये एझेकोविट्झ, म्युलिकन आणि फोकमन यांनी अशाच जीव किंवा दृष्टी धोक्यात आलेल्या 20 बाळांना रोज इंटरफेरॉन अल्फा टोचलं. त्यांतल्या 18 बाळांच्या गाठी निम्म्याहून जास्त आकसल्या, सरासरी आठ महिन्यांच्या आत. पेशींच्या लढाईतलं एक निरोप्या प्रोटीन माणसाच्या वाहिन्यांची गाठ मागे फिरवू शकतं, हे पहिल्यांदा इतकं ठळकपणे समोर आलं.

पण काही वर्षांत दुसरी बाजू कळली. या उपचारानंतर काही बाळांचे पाय ताठर होऊ लागले. चालायला शिकण्याच्या वयात मज्जासंस्थेला इजा झालेली होती. वाढत्या बाळाच्या शरीरात थांबवणारा निरोप कुठवर पोचतो याचा अंदाज कुणालाच नव्हता. त्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की मला अजून अस्वस्थ वाटतं.

इंटरफेरॉन सगळं काम एकट्यानं करत नाही. निरोपांची साखळी असते. इंटरल्युकिन-12 हे प्रोटीन नैसर्गिक मारक पेशींना आणि टी पेशींना हाक देतं. त्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात. ते आसपासच्या पेशींवर आदळलं की त्या आयपी-10 आणि मिग नावाची छोटी प्रोटीनं बनवतात. आयपी-10 मधला दहा हा आकडा त्याच्या वजनाचा, दहा किलोडाल्टनचा. ही प्रोटीनं वाहिनीच्या पेशीवरच्या कुलपात बसतात आणि शेंडा अडतो. 1995 हे वर्ष या साखळीसाठी महत्त्वाचं ठरलं. त्या एका वर्षात इंटरल्युकिन-12 प्राण्यांत वाहिन्या थांबवतं हेही प्रसिद्ध झालं आणि आयपी-10 चं काम हेही.

त्याच वर्षी रॉबर्ट स्ट्रायटर यांनी मला थक्क करणारी एक बारीकशी गोष्ट दाखवली. आयपी-10 ज्या घराण्यातलं आहे, त्याच घराण्यात इंटरल्युकिन-8 हेही आहे. दोघांची रचना सख्ख्या भावंडांसारखी. पण इंटरल्युकिन-8 वाहिन्या वाढवतं आणि आयपी-10 थांबवतं. फरक कुठे? इंटरल्युकिन-8 च्या टोकाशी ग्लुटामेट, ल्यूसिन आणि आर्जिनिन ही तीन अमिनो आम्लं ओळीनं आहेत. आयपी-10, मिग आणि प्लेटलेट फॅक्टर 4 मध्ये ती ओळ नाही. नियमाला अपवाद आहेत, तरी तीन अक्षरांवर ‘वाढ’ की ‘थांब’ हे ठरावं ही किमयाच आहे.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर आपल्या बोटावर मिळतं. द्राक्षाच्या काढणीत कात्री लागून बोट कापलं की काही दिवसांत जखमेत लालभडक, दाणेदार मांस दिसू लागतं. धक्का लागला तरी रक्त येतं, कारण ते नव्या केशवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं. पांढऱ्या पेशी आणि बांधकामाचं सामान आत आणायला त्या हव्याच असतात. जखम मिटली की नवी त्वचा आधी गुलाबी दिसते आणि मग महिना-दोन महिन्यांत फिकट पडते. तो गुलाबी रंग जातो कुठे? गरजेपेक्षा जास्त झालेल्या वाहिन्या शरीर स्वतःच छाटून टाकतं. पिट्सबर्गच्या अॅलन वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या छाटणीत आयपी-10 चा हात दाखवून दिला. चालणाऱ्या पेशीला पुढचं पाऊल टाकताना मागचं पाऊल उचलावं लागतं. त्यासाठी कॅल्पेन नावाचं एन्झाइम लागतं. आयपी-10 तेच अडवतं. पेशीचा मागचा पाय जागेवर चिकटून राहतो आणि पेशी पुढे जाऊ शकत नाही. पुढे त्यांना हेही दिसलं की आयपी-10 मुळे नुकत्याच तयार झालेल्या वाहिन्या विस्कटतात. ज्या उंदरांत आयपी-10 चं कुलूपच नव्हतं, त्यांच्या जखमा जाड, उठावदार व्रण ठेवून भरल्या.

थांबवणारं औषध मिळालं म्हणजे ते जास्त दिलेलं बरं, हा समज किती महागात पडतो हे इंटरल्युकिन-12 नं शिकवलं. पहिल्या चाचणीत रुग्णांना आधी एक सुटा डोस देऊन मग काही दिवसांनी रोजचे डोस सुरू केले होते. ते पचले. दुसऱ्या टप्प्यात तो आधीचा डोस वगळला आणि थेट रोजची इंजेक्शनं दिली. 17 रुग्णांपैकी 12 जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं आणि दोघांचा जीव गेला. औषध तेच होतं, बदललं होतं वेळापत्रक. पहिल्या डोसानं शरीर सावध होऊन पुढची प्रतिक्रिया आवरत होतं, हे नंतर उलगडलं. फिडलर यांच्या गटालाही उंदरांतल्या मूत्राशयाच्या गाठींवर असंच दिसलं होतं: क्वचित दिलेल्या मोठ्या डोसापेक्षा रोज थोडं थोडं इंटरफेरॉन वाहिन्यांना जास्त चांगलं आवरतं.

नाशिकच्या बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. हेच ते लिहोसिनमधलं वाढ थांबवणारं रसायन. तेव्हापासून कोणतं संजीवक, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी, याच्या नोंदी ठेवणं निर्यातदाराच्या अंगवळणी पडलं.

पुण्यातही या विषयाला हात लागला आहे. गणेशखिंडीच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांनी ऑस्टिओपाँटिन या प्रोटीनवर काम केलं. तेही पांढऱ्या पेशींशी बोलणारं प्रोटीन, पण स्तनाच्या कर्करोगात ते उलट्या बाजूला उभं राहतं. ते व्हीईजीएफ वाढवून गाठीला वाहिन्या मिळवून देतं, हे त्यांच्या गटानं 2008 मध्ये दाखवलं. म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवा’ अशी सरसकट जाहिरात बघितली की मी विचारतो, यंत्रणेतला कोणता निरोप वाढवायचा म्हणता? वाढ करणारा की थांबवणारा? बाटलीवर याचं उत्तर नसतं.

वाहिन्या सगळ्या मारून टाकणं हे ध्येयही आता मागे पडलं आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि बोस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी 2001 पासून वेगळी मांडणी केली. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे औषधही आत पोचत नाही. त्यांतल्या नकोशा छाटल्या आणि उरलेल्या नीट केल्या तर औषध आणि टी पेशी दोन्ही आत जातात. टी पेशींनी सोडलेलं गॅमा इंटरफेरॉन ही नीटनेटकी छाटणी करायला मदत करतं, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसतं. विरळणी केलेल्या बागेत फवारा घडापर्यंत पोचतो आणि दाट कॅनॉपीत तो वरच्या पानांवरच राहतो, हे बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही.

लाल डागाच्या बाळांना शेवटी ज्या औषधानं हात दिला, ते निरोप्या प्रोटीन नव्हतं. फ्रान्समधल्या बोर्दोला क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांनी एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. रक्तदाबाची ही जुनी, स्वस्त गोळी. दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग जांभळा झाला आणि गाठ मऊ पडली. 2008 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर इंटरफेरॉन या आजारात मागे पडलं. ते मागे पडलं याचं मला समाधान आहे, पण वाहिन्यांची गाठ औषधानं मागे फिरवता येते हा विश्वास आधी त्यानंच दिला होता.

आपल्याकडे अशा बाळाच्या आईला अजूनही विचारतात, ग्रहण पाळलं होतं का? ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही आणि आईची यात काही चूक नाही. ही गाठ सगळ्यात वेगानं वाढते ती पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास. तेव्हा घरात नवं बाळ असेल आणि डाग डोळ्याजवळ, नाका-ओठांवर किंवा लंगोटाच्या जागी असेल, अंगावर पाच किंवा जास्त असतील, किंवा डाग दिवसागणिक वाढत असेल, तर ‘आपोआप जाईल’ म्हणून थांबू नका. बाळाला महिना पुरा व्हायच्या आत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ती गोळी कुणाच्या सांगण्यावरून घरी देऊ नका: तिनं बाळाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच सुरू करायची असते.